स्वस्त दुकान, महागडं दुकान : वाणसामानाची तुलना घरच्या काट्यावर

स्वस्तातल्या डीमार्टचं महिन्याचं बिल एका हातात आणि महागड्या नेचर्स बास्केटचं दुसऱ्या हातात धरून काहीच कळत नाही. दोन पिशव्यांतला माल वेगळा असतो. एकीत साधी तूरडाळ, दुसरीत बिनपॉलिशची. एकीत काजूतुकडा, दुसरीत मोठा अख्खा काजू. तुलना एकेका जिनसाची करायची, आणि तीही छापील वजनावर न थांबता पातेल्यात किती उतरलं इथपर्यंत न्यायची. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, एक पांढरं ताट आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी पैसे कुठे जातात ते पाहू. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. तिथला हिशेब उघड आहे : ब्रँड मोजके, माल झपाट्याने खपतो, बऱ्याच जागा स्वतःच्या मालकीच्या आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते. महागड्या दुकानाला चढ्या भाड्याची जागा, वातानुकूलन, माल निवडणारी माणसं आणि न खपलेल्या भाजीची नासाडी, हे सगळं किमतीत धरावं लागतं. म्हणजे जास्तीच्या पैशातला काही भाग झगमगाटाचा आणि काही भाग निवडीचा. निवडीचा भाग कुठल्या जिनसात पदरात पडतो, एवढंच शोधायचं आहे.

दर काढताना

दर महिन्याला हमखास लागणाऱ्या बारा-पंधरा जिनसांची यादी करा आणि दोन्हीकडची खरेदी एका दिवशी, निदान एका आठवड्यात करा. भाजीचे भाव रोज हलतात. सोमवारचा टोमॅटो आणि शनिवारचा टोमॅटो एका तराजूत घालण्यात अर्थ नाही. वाण सारखंच घ्या : कोलमसमोर कोलम, लोकवनसमोर लोकवन. दिलेली किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, की किलोचा दर निघाला. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणं बंधनकारक आहे, पण तो एमआरपीवरून काढलेला असतो. स्वस्त दुकानात तुम्ही एमआरपीपेक्षा कमी देता, तेव्हा छापील दरावर विसंबू नका.

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असतं, तर १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पिशवीचंही तसंच : आकार एक लिटरचा, आत ८५० ग्रॅम. तेलाची तुलना कायम ग्रॅमवर करा, लिटर विसरा. आणि ‘मिश्र खाद्यतेल’ असं लिहिलेल्या बाटलीवर पुढे सूर्यफुलाचं मोठं चित्र असलं, तरी मागे कुठलं तेल किती टक्के ते वाचा. राइस ब्रानचा, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा, भाव आणि सूर्यफुलाचा भाव एक नसतो.

डाळ : किती फुकट जातं, कशी शिजते

दोन्ही पाकिटं नीट हलवून प्रत्येकातून १०० ग्रॅम तूरडाळ ताटात पसरा. खडे, सालं, काळपट आणि भोकं पडलेले दाणे, बारीक चुरा असं बाजूला काढा आणि उरलेली डाळ पुन्हा काट्यावर ठेवा. समजा १४८ रुपये किलोच्या डाळीत ६ ग्रॅम फुकट गेलं आणि १८९ रुपये किलोच्या डाळीत १ ग्रॅम. १४८ ला ०.९४ ने भागा : १५७ रुपये. १८९ ला ०.९९ ने भागा : १९१ रुपये. निवडायचा त्रास वाचवण्याची किंमत किलोमागे ३४ रुपये. दहा मिनिटं ताट घेऊन बसायला कोणी असेल तर हे पैसे वाचतात. नसेल तर द्यायला हरकत नाही, पण ते कशाचे देतो हे माहीत असावं.

आता चकाकी. कोरड्या तळहातावर चिमूटभर डाळ चोळा. हाताला तेलकटपणा लागला किंवा दाणे काचेसारखे गुळगुळीत चमकले, तर डाळीला पॉलिश आहे. पॉलिश दोन्हीकडे सापडतं, आणि देखणी डाळ मुद्दाम मांडायची हौस महागड्या दुकानाला जास्त.

शेवटी शिजवून पाहा. दोन सारखे डबे, प्रत्येकात १०० ग्रॅम धुतलेली डाळ आणि ३०० मिलिलिटर पाणी. अर्धा तास भिजवा, एकाच कुकरमध्ये एकाच वेळी लावा, मीठ नंतर. दोघींना पाणी एकाच नळाचं हवं, कारण जड पाण्यात चांगली डाळसुद्धा कड धरते. चांगली डाळ रवीच्या दोन-चार फेऱ्यांत एकजीव होते आणि वरण मिळून येतं. वर पाणी, खाली दाणा असं झालं तर डाळ जुनी आहे किंवा उबट, दमट गोदामात पडून राहिलेली आहे. अशा डाळीला गॅस जास्त जातो, आणि तो खर्च बिलात दिसत नाही. इथे किमतीपेक्षा पॅकिंगची तारीख जास्त सांगून जाते. ज्या दुकानात डाळीचा खप मोठा, तिथे माल ताजा. बहुतेकदा ते दुकान स्वस्तातलंच असतं.

घरच्यांना चव कळते का, हे पाहायचं असेल तर तीन वाट्या ठेवा : दोनांत एक वरण, तिसरीत दुसरं. वेगळी वाटी कोणती, एवढंच विचारा. कुठलं महाग ते सांगू नका. चौघांपैकी चौघांनी बरोबर ओळखलं तर फरक खरा. एकाने ओळखलं तर तो अंदाजाचा भाग, कारण तीन वाट्यांत नुसत्या नशिबानेही तिघांतल्या एकाचं बरोबर येतं.

काजू मोजून घ्या

काजूच्या पाकिटावर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे असतात. एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त इतके अख्खे काजू बसतात, असा त्याचा अर्थ. आकडा लहान, काजू मोठा, भाव चढा. आकडा छापलेला नसेल तर १०० ग्रॅम मोजा : ४८ ते ५३ भरले तर २४०चा दर्जा, ६६ ते ७० भरले तर ३२०चा. महागड्या दुकानातल्या सुंदर डब्यात ३२०चाच काजू निघाला, तर तुम्ही डब्याचे पैसे दिले. पुलावावर पेरायला अख्खा काजू घ्या. वाटण, काजूकतली, खीर यांना पाकळी किंवा तुकडा चालतो, आणि तो बराच स्वस्त पडतो. मात्र खवट वासाला आकडा काही सांगत नाही. पाकीट घरी फोडल्याबरोबर एक काजू चावून पाहा. जुनकट लागला तर बिलासकट परत करा. खोबरं, तीळ आणि शेंगदाण्यालाही हाच नियम.

भाजी आणि फळं

महागड्या दुकानाला खरी संधी असते ती इथे. एक हिशेब लक्षात ठेवला तर दुकानात उभ्या उभ्या निर्णय घेता येतो. महागडा माल अजिबात वाया जात नाही असं धरलं तरी, तो सव्वापट महाग असेल तर स्वस्त मालाचा पाचवा हिस्सा, दीडपट असेल तर तिसरा हिस्सा आणि दुप्पट असेल तर निम्मा फुकट गेला तरच दोन्ही बरोबरीला येतात. कांदे-बटाट्यात निम्मा माल सहसा फुकट जात नाही. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, मश्रूम, पालक यांत तिसरा हिस्सा सहज जातो. तिथे चांगल्या शीतसाखळीतला, म्हणजे शेतापासून दुकानापर्यंत गार ठेवलेला, महाग माल परवडतो.

एक किलो टोमॅटो दोन्हीकडून आणा, चौथ्या दिवसापर्यंत टाकलेलं सगळं तोला. तीस रुपयांच्या किलोतून २२० ग्रॅम टाकलं तर खरा दर साडेअडतीस. छप्पन्न रुपयांच्या किलोतून ४० ग्रॅम टाकलं तर अठ्ठावन्न. रोजच्या आमटी-भाजीला स्वस्तातलाच बरा.

पालेभाजीत जुडीचा भाव फसवा असतो. वीस रुपयांची २५० ग्रॅमची मेथीची जुडी निवडून ११० ग्रॅम पानं मिळाली, तर पानांचा दर किलोला १८२ रुपये. निवडलेल्या मेथीचं १०० ग्रॅमचं पाकीट ४५ रुपयांना असेल तर ४५० रुपये. पाण्याचे फवारे उडणाऱ्या रॅकमधली कोथिंबीर झटकून मग वजनाला द्या, नाहीतर पाण्याचे पैसे मोजाल. गोठवलेल्या मटारचं पाकीट हाताने चाचपा. दाणे सुटे लागायला हवेत. गोळा झाला असेल तर तो मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. दुकान कोणतंही असो, ते पाकीट परत ठेवा.

जिथे जास्त पैसे देऊ नयेत

साखर. एस-३० आणि एम-३० यांत फरक दाण्याच्या आकाराचा, गोडी तीच. मीठ, मैदा, नामांकित कंपनीचं सीलबंद बिस्कीट, चहा, साबण हे दोन्हीकडे एकच. स्वस्त असेल तिथून घ्या. दुधात रंगीत पिशवीवर न जाता फॅट पाहा : टोन्ड दुधात ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. तपकिरी कवचाचं अंडं कोंबडीच्या जातीमुळे तपकिरी असतं, त्यामुळे बारा अंडी तोलून ग्रॅमचा दर काढा आणि तारीख पाहा.

पाकिटाची मागची बाजू

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. गव्हाच्या ब्रेडमध्ये मैदा पहिला असेल तर तो मैद्याचा ब्रेड, किंमत काहीही असो. कणकेचे टक्के लिहिलेले असतात, ते वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणजे आइस्क्रीम नव्हे, त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. पनीरच्या पाकिटावर ‘अॅनालॉग’ हा शब्द शोधा, तो असला तर ते खरं पनीर नव्हे. बांधणी हिंगात मैदा किंवा डिंक मिसळलेला असतोच, प्रश्न किती एवढाच. ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांना पैसे देऊ नका. सेंद्रियचे द्यायचे असतील तर ‘जैविक भारत’चं चिन्ह पाहा.

दुकानाचा स्वतःचा ब्रँड आणि मोठ्या कंपनीचा माल एकाच कारखान्यातला आहे का, हे पाहायचं असेल तर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक (एफएसएसएआय) जुळवा. क्रमांक जुळला तरी कृती वेगळी असू शकते, म्हणून घटक आणि पोषणमूल्यांचा तक्ताही जुळवा. दोन्ही जुळले, तर वरचे पैसे जाहिरातीचे.

परदेशी माल महागड्या दुकानात जास्त असतो आणि तो सावकाश खपतो. आयातीच्या वेळी मालाच्या आयुष्याचा, म्हणजे टिकण्याच्या मुदतीचा, ६० टक्के भाग किंवा ३ महिने, यातलं जे कमी ते शिल्लक असलं की माल आत येतो. म्हणजे चॉकलेट किंवा पास्ता फळीवर लागेपर्यंत बरंच आयुष्य सरलेलं असू शकतं. ‘एकावर एक’च्या ढिगातही आधी तारीख.

तिसरं नाव यादीत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं असू द्या. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर लागत नाही. शिवाय सुटी डाळ हातात घेऊन, वास घेऊन घेता येते. तारीख मात्र कुठेच नसते, तेव्हा तिथे खप पाहून घ्यावं.

रिक्षाचं भाडं आणि यादीबाहेर टोपलीत पडलेल्या वस्तू स्वस्त दुकानाच्या हिशेबात घालायला विसरू नका. तिथली बचत नेमकी तिथेच गळते. पाच किलोच्या पाकिटाचा कमी दर जून ते सप्टेंबरमध्ये कोकणपट्टीत टिकत नाही. रव्याला जाळी लागते, बेसन गुठळ्या धरतं, तांदळात सोंडे होतात. त्या चार महिन्यांत रवा-बेसन अर्ध्या किलोचंच आणा, थोडा महाग पडला तरी, आणि तांदूळ मोठा घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात घेऊन कोरड्या डब्यात घट्ट बंद करून ठेवा.