कोड न लिहिता ॲप बनवताना सुरुवात तक्त्यांपासून करा

ॲपशीट, बबल किंवा ग्लाइड यांसारखे साधन उघडले की बटणे, रंग आणि तयार साचे समोर येतात आणि हात आपसूक तिकडेच वळतो. परंतु ॲप पुढे नीट चालणार की त्याचा गुंता होणार, हे बहुतांशी त्यामागच्या तक्त्यांवर ठरते, म्हणून पहिले काम कागदावर करावे.

समजा, एखाद्या छोट्या ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी ॲप हवे आहे. पुस्तक, वाचकाचे नाव, फोन आणि तारखा हे सगळे एकाच शीटमध्ये भरण्याचा मोह होतो. मात्र एका वाचकाने वीस पुस्तके नेली की त्याचा फोन वीस ओळींत जातो, आणि तो बदलायची वेळ आली की एखादी ओळ हमखास सुटते. त्याऐवजी पुस्तके, वाचक आणि देवघेव असे तीन तक्ते करावेत आणि देवघेवीच्या ओळीत पुस्तक व वाचक यांचे फक्त संकेतांक ठेवावेत. ॲपशीटमध्ये अशा रकान्याचा प्रकार ‘रेफ’ (म्हणजे दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीचा संदर्भ) निवडला, की वाचकाच्या पानावर त्याच्या देवघेवीच्या नोंदी आपोआप दिसतात. संकेतांक म्हणून नाव वापरू नये, कारण एकाच नावाचे दोन वाचक असू शकतात. ओळीचा अनुक्रमांकही नको, कारण मधली ओळ काढली की पुढचे क्रमांक सरकतात. फोनचा रकाना मजकूर या प्रकारचा ठेवावा, नाहीतर सुरुवातीचे शून्य गळून पडते.

तक्ते पक्के झाले की यादी, फॉर्म आणि तपशिलाचे पान ही कामे झटपट उरकतात.

यानंतर सूत्रे येतात. प्रोग्रामिंग येत नाही म्हणणारी माणसे १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या प्रोग्रामपासून स्प्रेडशीटमध्ये सूत्रे लिहीत आली आहेत, आणि इथली सूत्रेही त्याच जातीची आहेत. स्मरणपत्रासाठी ‘मुदत आजच्या आधीची’ एवढीच अट घातली, तर पुस्तक केव्हाच परत केलेल्या वाचकालाही ते जाईल. ‘परतीची तारीख रिकामी’ ही दुसरी अट जोडावीच लागते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सुरक्षेकडे. स्क्रीनवरून रकाना लपवला म्हणजे माहिती सुरक्षित झाली असे नव्हे, कारण ती वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत किंवा ब्राउझरपर्यंत पोहोचलेली असू शकते. कोणाला कोणत्या ओळी मिळाव्यात, हे ॲपशीटमध्ये ‘सिक्युरिटी फिल्टर’ने आणि बबलमध्ये ‘प्रायव्हसी रूल्स’ने ठरवावे, आणि दुसऱ्या खात्याने लॉगिन करून ते तपासावे.

साधन निवडतानाच बाहेर पडण्याची वाटही पाहून ठेवावी. बबलमधली माहिती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरवता येते, पण तिथे बांधलेले ॲप उचलून दुसरीकडे चालवता येत नाही. तेव्हा खऱ्या नोंदी भरण्यापूर्वी दोन-चार खोट्या नोंदी घालून ती फाइल एकदा उतरवून पाहावी.