वायफाय चिपला वीज देताना होणारी वेळेची चूक शोधावी आणि दुरुस्त करावी कशी

लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. यंत्र सुरू केल्यावर वायफाय कधी मिळते, कधी मिळत नाही. नुसते रीबूट केले तर मिळते, पण वीज तोडून पुन्हा जोडली की नाहीसे होते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत तेव्हा बहुधा एसडीआयओ (चिपला प्रोसेसरशी जोडणारी एक बस, म्हणजे संदेशांचा मार्ग) कार्ड सुरू करताना आलेली ‘-११०’ ही त्रुटी दिसते. चिपने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही, एवढाच तिचा अर्थ. चिप बिघडली आहे असे त्यावरून ठरत नाही. पुष्कळदा ती अजून जागीच झालेली नसते.

अशा वेळी वायफायच्या ड्रायव्हरमध्ये अर्ध्या सेकंदाचा विलंब घालण्याचा मोह होतो. एसडीआयओवर त्याचा उपयोग होत नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले तर पुढची सगळी दुरुस्ती सोपी जाते. एसडीआयओ किंवा पीसीआय एक्सप्रेस या बसवर कर्नल आधी चिपला हाक मारतो, तिची ओळख वाचतो आणि त्या ओळखीला जुळणारा ड्रायव्हर नंतर बोलावतो. म्हणजे ड्रायव्हरची पहिली ओळ चालू होईपर्यंत चिपला वीज मिळालेली, तिचा रीसेट (तिला थांबवून धरणारी स्थिती) सुटलेला आणि तिने एकदा उत्तर दिलेले असावे लागते. म्हणून विजेचा क्रम चिपच्या ड्रायव्हरकडे न ठेवता बसच्या नियंत्रकाकडे, म्हणजे कर्नलमधील एमएमसी (मेमरी कार्डे आणि एसडीआयओ सांभाळणाऱ्या) उपप्रणालीकडे सोपवलेला असतो. डिव्हाइस ट्रीमधील, म्हणजे बोर्डावर काय कसे जोडले आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीतील, ‘एमएमसी-पीडब्ल्यूआरएसईक्यू-सिंपल’ हा पॉवर-सिक्वेन्सचा (विजेच्या क्रमाचा) नोड त्याचसाठी आहे. (नोडची आणि गुणधर्मांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.)

पहिले काम म्हणजे चिपचे डेटाशीट उघडून तिची मागणी कागदावर उतरवणे. उदाहरणासाठी रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी वर असलेल्या ४३४३८ या चिपचे कुटुंब घेऊ. तिचा मुख्य पुरवठा, व्हीबॅट, हा व्हीडीडीआयओच्या (पिनांना लागणाऱ्या पुरवठ्याच्या) आधी किंवा त्याच्याबरोबरच चढला पाहिजे. व्हीडीडीआयओ आधी येऊन थांबलेला चालत नाही. डब्ल्यूएल-रेग-ऑन ही पिन उंचावली की आतले रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारे भाग) चालू होतात आणि वायफायचा भाग रीसेटमधून बाहेर येतो. आतला पुरवठा आणि व्हीडीडीआयओ हे दोन्ही उपलब्ध झाल्यावर चिप जास्तीत जास्त ११० मिलिसेकंद स्वतःला रीसेटमध्ये धरून ठेवते, आणि एसडीआयओवर बोलण्यापूर्वी किमान १५० मिलिसेकंद थांबावे, असे डेटाशीट सांगते. ही पिन आणि ब्लूटूथची तशीच पिन, अशा दोन्ही खाली आणल्यावर पुन्हा वर नेण्याआधी किमान १० मिलिसेकंद जाऊ द्यावे लागतात, कारण आतल्या रेग्युलेटरला रिकामे व्हायला तेवढा वेळ हवा असतो. याखेरीज ३२.७६८ किलोहर्ट्झचे मंद क्लॉक (ठरावीक ठोके देणारा संकेत) लागते. ते अनेक बोर्डांवर वेगळ्या चिपमधून येते, आणि गोंधळाचे मोठे मूळ तेच असते.

आता कर्नल प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. होस्टने (बसच्या नियंत्रकाने) वीज देण्याआधी पॉवर-सिक्वेन्सचा नोड बाहेरचे क्लॉक चालू करतो आणि रीसेट लावून धरतो. मग होस्ट पुरवठा चालू करतो आणि मूळ मांडणीनुसार १० मिलिसेकंद थांबतो. त्यानंतर रीसेट सोडला जातो, आणि नोडमध्ये ‘पोस्ट-पॉवर-ऑन-डिले-एमएस’ लिहिलेले असेल तर तेवढे मिलिसेकंद थांबून पुढे जायचे. वरच्या चिपसाठी १५० किंवा थोडे अधिक, म्हणजे २००, हा आकडा येथेच लिहायचा. मात्र याच नावाचा गुणधर्म होस्टच्या नोडमध्येही असतो. तो रीसेट सुटण्याआधीच्या आणि क्लॉक दिल्यानंतरच्या थांब्याचा आकडा बदलतो. दोन्ही ठिकाणी नाव एकच असल्याने विलंब भलत्या जागी लिहिला जातो आणि तरीही योगायोगाने काही बोर्ड चालू लागतात.

बंद करण्याची बाजू बहुतेक जण पाहतच नाहीत. पहिल्या प्रयत्नात चिप सापडली नाही, तर एमएमसीचा गाभा वीज काढून घेतो, १ मिलिसेकंद थांबतो आणि आणखी कमी वारंवारतेवर पुन्हा प्रयत्न करतो. ४००, ३००, २०० आणि १०० किलोहर्ट्झ असा तो क्रम आहे. हा १ मिलिसेकंदाचा थांबासुद्धा ओएलपीसीच्या एक्सओ-१.५ या लॅपटॉपमधील वायफाय कार्डाला बंद-चालूच्या मध्ये उसंत लागत असल्यामुळे घातलेला आहे. म्हणजे रीसेट खाली राहण्याची वेळ हा १ आणि चालू करतानाचे १० मिलिसेकंद मिळून मर्यादेच्या जेमतेम वर जाते. बूट जलद व्हावे म्हणून कोणी होस्टचा विलंब शून्यावर आणला, तर नियम मोडतो आणि दोष वायफायच्या नावावर जमा होतो. ‘पॉवर-ऑफ-डिले-यूएस’ लिहून हा थांबा स्पष्टपणे ठरवता येतो. त्याचा आकडा मायक्रोसेकंदांत असतो, म्हणून १० मिलिसेकंदांसाठी १०००० लिहावे.

रीसेटची दिशा आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. डब्ल्यूएल-रेग-ऑन ही पिन खाली असताना चिप रीसेटमध्ये असते, म्हणून ती ‘अ‍ॅक्टिव्ह-लो’ लिहावी लागते. उलट लिहिल्यास चिप नेमकी हाकेच्या वेळी बंद होते. स्थिर रेग्युलेटरच्या नोडमध्ये आणखी एक सापळा आहे. तेथे पिनच्या खुणेतील दिशेकडे लक्ष दिले जात नाही. ‘एनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय’ हा वेगळा शब्द आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

विलंब कोणाचा आहे हे ठरवल्याशिवाय तो कोठेही लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. रेग्युलेटरचे व्होल्टेज चढायला वेळ लागत असेल, तर तो त्या रेग्युलेटरच्या नोडमध्ये ‘स्टार्टअप-डिले-यूएस’ म्हणून जातो, कारण त्यावरच्या इतर उपकरणांनाही त्याची गरज असते. चिपला जागे व्हायला वेळ लागत असेल, तर तो पॉवर-सिक्वेन्सच्या नोडमध्ये जातो. एकाच मोठ्या आकड्यात दोन्ही कोंबले की पुढे रेग्युलेटर बदलल्यावर काय कमी करायचे हे कोणालाच कळत नाही.

क्लॉक आणि पुरवठा यांचा दोष ओळखायला लक्षणाची वेळ उपयोगी पडते. जे क्लॉक कोणी मागितलेले नाही, ते कर्नल बूटच्या अखेरीस बंद करतो. न मागितलेले रेग्युलेटर तो त्यानंतर साधारण ३० सेकंदांनी बंद करतो. वायफाय किंवा ब्लूटूथ सुरळीत चालू होऊन अर्ध्या मिनिटाने अचानक मरत असेल, तर विलंबाच्या मागे न लागता रेग्युलेटरची मागणी कोठे लिहायची राहिली ते पाहावे. ‘सीएलके-इग्नोर-अनयूज्ड’ हा बूट पर्याय देऊन दोष गेला, तर चोर क्लॉक आहे. हा पर्याय तपासापुरताच ठेवावा. खरी दुरुस्ती म्हणजे ते क्लॉक ‘एक्स्ट-क्लॉक’ या नावाने नोडला जोडणे. रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर आरके८०८ या वीज-व्यवस्थापन चिपमधील क्लॉक असेच जोडलेले आहे.

स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. अनेक रेग्युलेटर एकदम चालू करणारे ‘बल्क’ फंक्शन त्यांना समांतर चालू करते, त्यामुळे यादीतला क्रम पाळला जाईल असे मानू नये. क्रम महत्त्वाचा असेल तर एकेक रेग्युलेटर स्वतंत्रपणे चालू करावा. आणि ‘एमस्लीप’ला १ मिलिसेकंद सांगितले तरी कर्नलच्या टिकच्या (वेळ मोजण्याच्या ठोक्याच्या) वेगानुसार तो २० मिलिसेकंदांपर्यंत झोपू शकतो. लहान थांब्यांसाठी ‘यूस्लीप-रेंज’ वापरावे, किंवा निवड कर्नलवर सोडणारे ‘एफस्लीप’ घ्यावे.

पीसीआय एक्सप्रेसवरील चिपसाठी तत्त्व तेच, आकडे वेगळे: पुरवठा स्थिर झाल्यावर रीसेट सोडण्याआधी किमान १०० मिलिसेकंद जावे लागतात. क्वालकॉमच्या काही चिपमध्ये वायफाय पीसीआयवर आणि ब्लूटूथ यूआर्टवर (साध्या सिरियल जोडणीवर) असून दोघांचा वीजपुरवठा सामाईक असतो. अशांसाठी २०२४ मध्ये ६.११ या कर्नलात स्वतंत्र पॉवर-सिक्वेन्सिंग उपप्रणाली आली, त्यामुळे एका बाजूने वीज काढली तरी दुसरी बाजू अंधारात जात नाही.

बदल केल्यावर ऑसिलोस्कोपचे एक टोक पुरवठ्यावर, दुसरे रीसेटच्या पिनवर आणि तिसरे एसडीआयओच्या कमांड रेषेवर ठेवून क्रम प्रत्यक्ष पाहावा. उपकरण नसेल तर कर्नलचे रेग्युलेटर, जीपीआयओ (सामान्य वापराच्या पिना) आणि क्लॉक यांचे ट्रेस-इव्हेंट (वेळेसह होणाऱ्या नोंदी) चालू करून वेळा जुळवाव्यात, पण त्या फक्त आज्ञा कधी दिली ते सांगतात, व्होल्टेज कधी पोहोचले ते सांगत नाहीत. रीबूट करून तपासणे पुरेसे नाही. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) चिप आधीच जागी ठेवलेली असू शकते. वीज पूर्ण तोडून, कॅपॅसिटर रिकामे होऊ देऊन, आणि मग लगेच तोडून-जोडून, अशा दोन्ही रीतींनी पाहावे. होस्टचा ड्रायव्हर सिसएफएसमधून (कर्नलची उपकरणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतून) सोडून पुन्हा बांधला की बंद-चालूचा पूर्ण फेरा रीबूट न करता मिळतो.

नोंदींत -११० जाऊन त्याजागी ‘एचटी अव्हेल टाइमआउट’ (चिपचे जलद क्लॉक मुदतीत मिळाले नाही) दिसू लागले, तर तो वेगळा आजार समजावा. तोपर्यंत चिप बसवर सापडलेली असते आणि फर्मवेअरही चढवून झालेले असते, म्हणून आधी त्या बोर्डाची एनव्हीरॅम फाइल (चिपसाठीच्या सेटिंग्जची) बरोबर आहे का ते पाहावे. तेथे १५० चे ३०० करून काही मिळत नाही.