गुडघ्याची वाटी वारंवार सरकत असेल, तर एक्स-रे आणि एमआरआय कसे वाचावेत

बाहेरच्या बाजूला निखळलेली वाटी बहुतेक वेळा तपासणीपूर्वीच जागेवर परतलेली असते आणि त्यामुळे एक्स-रे वरवर पाहता निर्दोष वाटतो. तिला जागेवर धरून ठेवणारी रचना मुळातच कमकुवत आहे का, हे त्याच एक्स-रेत शोधावे लागते.

सुरुवात बाजूने घेतलेल्या एक्स-रेपासून करावी. मांडीच्या हाडाच्या दोन्ही कॉन्डाइलच्या (खालच्या टोकाच्या गोलसर उंचवट्यांच्या) मागच्या कडा त्यात एकमेकींवर अचूक बसलेल्या आहेत ना, हे आधी पाहावे. त्या बसल्या नसतील तर खोबणीविषयी, म्हणजे मांडीच्या हाडाच्या ज्या खाचेत वाटी सरकते तिच्याविषयी, काहीही ठरवू नये, एक्स-रे पुन्हा घ्यायला सांगावे. कडा जुळत असतील, तर खोबणीच्या तळाची रेषा खालून वर बोटाने गिरवत न्यावी. ती वर जाताना कॉन्डाइलच्या पुढच्या कडेला छेदत असेल, तर छेदाच्या त्या पातळीवर खोबण सपाट झालेली आहे. याला क्रॉसिंग साइन म्हणतात. त्यासोबत खोबणीच्या वरच्या टोकाला हाडाचा पुढे आलेला उंचवटा किंवा आतल्या बाजूच्या खुरट्या कॉन्डाइलमुळे उमटलेली दुहेरी रेषा दिसली, तर दोष अधिक गंभीर समजावा. खोबणीच्या दोषाचे अ ते ड असे प्रकार पाडणाऱ्या देजूर यांच्या वर्गीकरणाचा आधार याच तीन खुणा आहेत. गुडघा बराच वाकवून घेतलेल्या स्कायलाइन एक्स-रेवर मात्र फार विसंबू नये, कारण दोष खोबणीच्या वरच्या भागात असतो आणि त्या स्थितीत तो भाग दिसतच नाही.

त्याच एक्स-रेवर वाटीची उंची मोजावी. वाटीच्या सांध्याकडील पृष्ठभागाच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर त्या पृष्ठभागाच्या लांबीने भागले की केटन-देशां गुणोत्तर मिळते, आणि ते १.२ पेक्षा जास्त असल्यास वाटी उंचावर आहे असे मानतात. अशी वाटी गुडघा वाकताना खोबणीत उशिरा शिरते आणि तोवर तिला हाडाचा आधार नसतो. इन्सॉल-साल्वाती गुणोत्तरही प्रचलित आहे, पण वाटीचे खालचे टोक लांबट असेल तर ते फसवते. म्हणून पहिल्यालाच प्राधान्य द्यावे.

एमआरआयच्या आडव्या छेदांत खोबणीची खोली आणि बाहेरच्या उताराचा कोन पाहावा. खोली ३ मिलिमीटरपेक्षा किंवा कोन ११ अंशांपेक्षा कमी असणे हे दोषाचे लक्षण आहे. मोजताना कूर्चेचा पृष्ठभाग धरावा, कारण हाडात खोबण दिसत असतानाही वरची कूर्चा सपाट असू शकते.

यानंतर टीटी-टीजी अंतर, म्हणजे नडगीवरील टेंडनची जागा खोबणीपासून किती बाजूला आहे ते, घ्यावे. खोबणीचा सर्वांत खोल बिंदू एका छेदावर आणि नडगीवर वाटीखालचा टेंडन जिथे चिकटतो त्या जागेचा मध्य दुसऱ्या छेदावर निश्चित करून, कॉन्डाइलच्या मागच्या कडांना जोडणाऱ्या रेषेला समांतर असे त्यांच्यातील अंतर मोजतात. सीटीवर २० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर दोषपूर्ण मानले जाते. एमआरआयवर हेच अंतर सहसा कमी भरते, त्यामुळे सीटीची मर्यादा तिथे जशीच्या तशी लावू नये आणि अहवालात मोजमाप कशावर केले हे आवर्जून लिहावे. खोबण पार सपाट असेल तर खोल बिंदू अंदाजानेच धरावा लागतो, आणि अशा वेळी हा आकडा दुय्यम ठरवणे शहाणपणाचे.

वाटीचा २० अंशांहून अधिक कल हा माझ्या मते कारणापेक्षा परिणामच अधिक असतो. तो नोंदवावा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये.

नुकतीच वाटी निखळली असल्यास तिच्या आतल्या कडेवर आणि बाहेरच्या कॉन्डाइलच्या बाहेरील पृष्ठभागावर हाडातील सूज एकाच वेळी आढळते, आणि वाटीला आतल्या बाजूने धरणारे लिगामेंट ताणलेले वा फाटलेले असते. अशा एमआरआयमध्ये सांध्यात सुटा पडलेला कूर्चेचा तुकडा कसोशीने शोधावा, कारण तो सापडल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

पायाचा पीळ किंवा गुडघे आत वळलेले असल्याची शंका तपासणीतच आली असेल, तरच पूर्ण पायाचा उभा एक्स-रे आणि नितंब, गुडघा व घोटा यांच्या पातळीवरील सीटी मागवावे.