लहान मुलांच्या कल्पकतेला वाव कसा द्यावा? मांडून ठेवा आणि बाजूला व्हा

कल्पकता वाढावी म्हणून मुलांना देतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींत कल्पना लढवायला जागाच नसते. खोका उघडायचा, कापून ठेवलेले तुकडे आखलेल्या जागी चिकटवायचे, की फुलपाखरू तयार. वर्गात वीस मुलं असतील तर वीस फुलपाखरं, सगळी सारखी. बोटांना सराव होतो, सूचना ऐकायची सवय लागते, तेही हवंच. पण काय करायचं, कशाने करायचं, कुठे थांबायचं हे सगळं आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतो तो फक्त डिंक.

हे ठरवणं मुलाच्या हातात कसं द्यायचं, ते इथे पायरीपायरीने सांगितलं आहे. साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हे उपयोगी पडेल, घरात किंवा बालवाडीत.

कल्पना नवीन नाही. फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा मुलांच्या हातात लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्याच रेज्जो एमिलिया शहरात लोरिस मालागुत्सी हे शिक्षक आणि तिथले पालक यांनी बालशाळांची आपली वेगळी वाट धरली. या पद्धती एकच आहेत असं समजू नका. माँटेसरी साहित्यात प्रत्येक वस्तूचा ठरलेला उपयोग असतो आणि चूक झाली तर ती वस्तूच दाखवून देते. रेज्जोमध्ये माती, तार, रंग, उजेड अशा गोष्टी असतात आणि त्यांचं काय करायचं ते मुलं ठरवतात. फक्त कल्पकतेचा विचार केला तर मला दुसरी वाट जवळची वाटते. खालच्या पायऱ्या बऱ्याचशा तिकडेच झुकणाऱ्या आहेत.

१. जागा ठरवा आणि पसारा मान्य करा

खोलीचा एक कोपरा पुरेसा आहे. जमिनीवर जुनी चादर किंवा प्लॅस्टिक अंथरा आणि मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर एखादं उघडं फळकूट किंवा खोका ठेवा. वस्तू दिसायला हव्यात आणि न मागता घेता यायला हव्यात. अंगात जुने कपडे असू द्या. दर दोन मिनिटांनी "सांडू नकोस" म्हणावं लागेल अशी जागा निवडली, तर पुढच्या पायऱ्या करून काही उपयोग नाही.

२. कमी वस्तू, पण मोकळ्या वस्तू

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त वेगवेगळ्या प्रकारे खेळली. म्हणून सगळं एकदम बाहेर काढू नका. चार-पाच प्रकारच्या वस्तू मांडा, बाकीच्या आत ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा.

कोणत्या वस्तू? ज्यांचा एकच उपयोग ठरलेला नाही अशा. सायमन निकल्सन या कलाकाराने १९७१ साली मांडलं होतं की, एखाद्या ठिकाणी हलवता-जुळवता येतील असे सुटे भाग जितके जास्त, तितकी तिथे कल्पकता जास्त. पुठ्ठ्याचे खोके आणि नळ्या, कापडाचे तुकडे, दोरी, झाकणं, लाकडाचे गुळगुळीत तुकडे, वाळकी पानं, गोटे. बॅटरीवर चालणारी गाडी गाडीच राहते, पुठ्ठ्याची नळी मात्र दुर्बीण होते, बोगदा होते आणि कुणाच्या तरी कानाशी ओरडायचा भोंगाही होतो.

जोडीला मळायचा गोळा ठेवा. दोन कप मैदा, एक कप मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी. पाणी एक कपापेक्षा थोडं कमीच लागतं, ते हळूहळू घाला. डब्यात झाकून ठेवला तर गोळा काही दिवस टिकतो. मीठ भरपूर असल्याने तो खायचा नाही, हे मुलाला सांगा आणि तरी लक्ष ठेवा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सैल राहू नका. तीन वर्षांखालच्या मुलासमोर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू नको, ती घशात अडकू शकते. बटणासारखे सेल आणि छोटी लोहचुंबकं तर कोणत्याही वयाच्या लहान मुलापासून लांबच ठेवा. ती गिळली गेली तर आतड्यांना, अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

३. सलग वेळ द्या

पाऊण तास ते तासभर, मध्ये कुणी न उठवता. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. मूल वस्तू ओतेल, परत भरेल, इकडेतिकडे बघेल, "कंटाळा आला" म्हणेल. लगेच काही सुचवू नका. टीव्ही आणि मोबाइल बंद असेल तर या रिकाम्या वेळातूनच बहुतेक वेळा खेळाला सुरुवात होते. मुलाने अर्धवट सोडलेलं काम शक्य असेल तर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच पुढे नेलं जातं.

४. अवजार शिकवा, वस्तू शिकवू नका

मुलाच्या कलाने घ्यायचं म्हणजे काहीच शिकवायचं नाही, असा एक गोड गैरसमज आहे. कात्री कशी धरायची, डिंक किती घ्यायचा, एका रंगातून दुसऱ्यात जाताना ब्रश का धुवायचा, हे शांतपणे दाखवून द्या. हे येत नसेल तर मुलाच्या डोक्यात असलेलं हाताने उतरत नाही आणि चिडचिड होते. कात्री बोथट टोकांची असू द्या. पण त्या कात्रीने काय कापायचं, ते तुम्ही सांगू नका.

५. आता गप्प बसा

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक खेळणं तयार केलं. त्यात आवाज, दिवा, सूर, आरसा असे अनेक गुण दडवले होते. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात सांगितलं, "हे बघ, हे असं चालतं," आणि त्यातला एकच गुण दाखवला. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : या मुलांनी बहुतेक तेवढंच करून पाहिलं. ज्यांना कुणी असं शिकवलं नव्हतं, ती जास्त वेळ खटपट करत राहिली आणि त्यांना त्यातल्या जास्त गोष्टी सापडल्या. मुलांचं काही चुकत नाही. मोठ्यांनी एकच दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असा त्यांचा चोख हिशेब असतो.

म्हणून शेजारी बसा, बघा, हात मांडीवर ठेवा. मनोरा पडणार हे दिसत असलं तरी पडू द्या. मूल "करून दे" म्हणालं तर सगळं न करता अडलं असेल तेवढंच करा : खोका धरून ठेवा, गाठ मारून द्या. "घोडा काढून दे" असा हट्ट असेल तर "त्याचे पाय कुठून सुरू होतात?" असं विचारा आणि पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. तुमचा घोडा एकदा कागदावर उमटला की मुलाला स्वतःचा घोडा फिका वाटायला लागतो.

चित्राच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असलेली बरी. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तेव्हा एक मोठा गोल आणि त्यातूनच थेट निघालेले पाय असतात, पोट नसतंच. हा सगळीकडे दिसणारा नेहमीचा टप्पा आहे. पोट काढायला शिकवू नका, ते आपोआप येतं.

६. बोलायचं असेल तर काय बोलावं

"हे काय आहे?" हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण कधीकधी ते 'काही' नसतंच, मुलाला फक्त निळा रंग पसरवायचा असतो. त्यापेक्षा जे दिसतंय ते सांगा : "इथे तू खूप जोरात दाबलंयस." किंवा "मला याबद्दल सांगशील?" विचारल्यावर उत्तराची वाट बघा. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो.

बक्षिसांपासून सावध राहा. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत झालेल्या प्रयोगात, रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना निवडलं होतं. त्यातल्या काहींना चित्र काढल्यावर प्रमाणपत्र मिळेल असं आधीच सांगितलं. आठवडा-दोन आठवड्यांनी तीच पेनं पुन्हा सहज समोर ठेवली, तेव्हा या मुलांनी त्यांच्याशी इतरांच्या निम्माच वेळ घालवला. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. तेव्हा मनापासून आवडलं तर जरूर सांगा, पण "छान काढलंस तर स्टार देईन" हा सौदा नको.

७. टिपून ठेवा आणि त्यावरून पुढची मांडणी करा

रेज्जोच्या शाळांत मुलं काय करतात, काय बोलतात याच्या नोंदी आणि फोटो ठेवतात आणि शिक्षक त्यावर बसून चर्चा करतात. घरी एवढा व्याप नको. वहीत दोन ओळी पुरेत : आज कशात रमलं, कुठे अडलं, काय म्हणालं. चार दिवस मूल प्रत्येक गोष्ट गुंडाळतच असेल तर कापड, दोरी, मोठे कागद वाढवा. उतारावरून गोटे सोडत असेल तर लांब फळी आणि अर्ध्या कापलेल्या नळ्या द्या. ओतणंच आवडत असेल तर पाण्याचं घमेलं आणि वेगवेगळ्या तोंडाच्या बाटल्या ठेवा. घमेल्यात पाणी अगदी थोडं असू द्या आणि मूल पाण्याशी असेल तोवर तिथून हलू नका. खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाका.

बालवाडी निवडायची असेल तर तिच्या भिंती बघा. सगळी चित्रं एकसारखी आणि नीटनेटकी दिसली तर ती मुलांनी किती काढली आणि बाईंनी किती, हे विचारायला हरकत नाही.