मिठाच्या कणकेचे नाताळचे तारे

आमच्या जालन्यात डिसेंबरचं ऊन कोरडं असतं, म्हणून मी हे काम गच्चीवरच करते. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, आणि पाणी जपून, वाटीभर लागेल न लागेल. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून तारे, घंटा कापा आणि दोऱ्याचं भोक आताच स्ट्रॉने पाडा. वाळल्यावर पाडायला गेलात तर तडा जातो.

वाळवायची घाई नको. जाळीवर ठेवा, रोज उलटा, संध्याकाळी आत घ्या. दवाने मीठ ओलं होतं. ओव्हन असेल तर 100 अंशांवर 2-3 तास.

आधी पांढऱ्या ॲक्रेलिकचा हात. वॉटरकलर नकोच, कणीक पाणी पिते. मग आवडीचं रंगवा. सांताक्लॉज सगळेच काढतात. मी पैठणीचा मोर आणि नारळी काठ काढते, जांभळ्यावर सोनेरी. बारीक रेघेला शून्य नंबरचा ब्रश. चमकी माझ्या घरात चालत नाही, संक्रांतीपर्यंत झाडावी लागते.

शेवटी वॉर्निशचे दोन हात, मागच्या बाजूलाही. कुत्रं असेल तर तारे उंच टांगा. एवढं मीठ त्याला बाधतं.