कोकणात जिओकॅशिंग करायचंय? मग हे वाचा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसवरून शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच तसाच ठेवायचा. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएस सिग्नल सगळ्यांसाठी अचूक केला आणि लगेच हा खेळ सुरू झाला.

जिओकॅशिंगच्या ॲपवर डबा शोधणं किती अवघड आणि वाट कशी आहे ते १ ते ५ आकड्यांत दिसतं, पहिल्यांदा सोप्यातलाच घ्या. फोन काही मीटरपर्यंतच नेतो, पुढे डोळेच कामाला येतात. पण रत्नागिरीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाच्या फटीत किंवा गडग्यात (दगडी कुंपणात) थेट हात घालू नका हं, फुरसं हा विषारी साप असतो, आधी काठीने चाचपा. किनाऱ्यावर भरतीची वेळ बघूनच निघा, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि खडकामागे अडकलात तर परतीची वाटच बंद.

डब्यात वहीसोबत एखादी वस्तू असली आणि ती घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा, खाऊ नको, मुंग्या येतात.

तंबू ठोकायचा तर गावात विचारून, कोणाच्या आंबा-काजूच्या बागेत परस्पर नाही. कातळशिल्पांवर चूल मांडणं, देवराईतली काटकी तोडणं अजिबात नको! रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या हंगामात रात्री किनाऱ्यावर शेकोटी, टॉर्च काहीच नको, उजेडाने पिल्लं भरकटतात.