इटालियन स्टाईल डायनिंग टेबल घेताय? आधी टॉप समजून घ्या

इटालियन स्टाईल टेबल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, पांढऱ्या मार्बलचा चकचकीत टॉप, त्यात राखाडी रेषा आणि खाली एकच जाड खांब नाहीतर मेटलचे बारीक पाय. शोरूममध्ये त्याच्यावर लाईट सोडलेले असतात आणि टेबलावर फुलदाणी सोडून दुसरं काहीच नसतं, मग ते भारी दिसणारच ना. तुम्ही त्याच्यावर रोज जेवणार आहात का, मुलं तिथेच अभ्यासाला बसणार का, एवढं आधी ठरवा, कारण टॉप कसला घ्यायचा हे त्याच्यावरच ठरतं. रंग, पाय, खुर्च्या वगैरे नंतर बघता येतं.

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं आंबटाशी अजिबात पटत नाही. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, वाईन, कोल्ड्रिंक, यातलं काहीही सांडलं की दगडाचा वरचा अगदी पातळ थर खाल्ला जातो आणि तिथली चमक जाते. ग्लासच्या बुडाएवढी फिकट गोल खूण दिसते आणि ती कितीही पुसली तरी जात नाही, कारण तिथला दगडच झिजलेला असतो. आणि इथे दुकानदार एक गोष्ट हमखास गुंडाळून सांगतात, "सीलर मारलेला आहे, काळजी नको". सीलर काय करतो तर तेल, कॉफी वगैरे दगडाच्या बारीक छिद्रांत मुरायला वेळ लावतो, बस. आंबटाने चमक जायची ती सीलर असला तरी जातेच.

म्हणून माझं मत सरळ आहे, रोजच्या जेवणाला मार्बलच हवा असेल तर चकचकीत पॉलिशवाला घेऊ नका, होन्ड म्हणजे मॅट फिनिशचा घ्या. आंबटाच्या खुणा त्याच्यावरही पडतात पण मुळात चमकच नसल्यामुळे त्या पटकन डोळ्यात भरत नाहीत, आणि वर्ष-दोन वर्षात सगळा टॉप एकसारखा वापरलेला दिसायला लागतो, जे मला तरी छानच वाटतं. ज्याला एक खूण दिसली तरी झोप येत नाही त्याने मार्बलच्या वाटेला जाऊच नये.

नावं ऐकून गोंधळू नका. कारारा, कालाकाट्टा, स्टाटुआरिओ हे सगळे इटलीत तोस्कानामधल्या कारारा गावाच्या आसपासच्या डोंगरातले मार्बल. कारारा थोडा राखाडीकडे झुकणारा, रेषा बारीक. कालाकाट्टा जास्त पांढरा, रेषा जाड आणि ठळक, आणि साधारणपणे महाग. ट्रॅव्हर्टाईन वेगळा, त्याच्यातला प्रसिद्ध दगड रोमजवळच्या तिवोलीचा, बेज रंगाचा, अंगावर नैसर्गिक भोकं असलेला. टेबलासाठी भोकं भरलेलाच घ्या नाहीतर अन्नाचे कण आत अडकून बसतात. आणि तोही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे लिंबाचं दुखणं तिथेही आहेच.

हे सगळं नको असेल तर सिंटर्ड स्टोन किंवा सिरॅमिक टॉप बघा. खनिजांची पूड प्रचंड दाबाखाली आणि १२०० अंशांच्या आसपास भाजून बनवतात, लिंबाने काही होत नाही, डाग मुरत नाहीत, गरम भांड्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. कमजोरी एकच, कडा. जड भांडं कडेवर आपटलं तर टवका उडतो आणि तो नीट भरून निघत नाही. आता हा टॉप मार्बल म्हणून तुमच्या गळ्यात मारला जाऊ नये म्हणून टेबलाची कड बघा, खऱ्या दगडात वरची रेष कडेवरून खालपर्यंत उतरते, सिरॅमिकवर रेषा नुसत्या छापलेल्या असतील तर बऱ्याचदा ती कडेला येऊन तुटते. तरी शंका असेल तर दुकानदाराला विचारून टॉपच्या खालच्या बाजूला व्हिनेगरचा एक थेंब टाका, मार्बलवर बारीक बुडबुडे येतात, सिरॅमिकवर काहीच होत नाही.

वजनाचा विचार कुणी करत नाही राव. २ सेंमी जाडीचा मार्बल चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो, म्हणजे १८० बाय ९० चा टॉप पाय सोडून ८५ किलोच्या वर गेला. लिफ्टमध्ये मावेल का, जिन्यात वळेल का, ते ऑर्डरच्या आधी टेपने मोजा. खांब एकच असेल तर टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघा, डुगडुगलं तर विषय संपला. वजनाचाच उपयोग करून घेणारे लोकही आहेत, इटालियन डिझायनर आन्जेलो मांजारोत्तीने १९७१ च्या इरोस टेबलांमध्ये एकही स्क्रू वापरला नाही, निमुळता दगडी पाय टॉपच्या भोकात बसतो आणि टॉप स्वतःच्याच वजनाने घट्ट होतो.

मापं पटकन सांगतो. माणशी ६० सेंमी रुंदी धरा, खुर्ची मागे ओढून उठायला भिंतीपासून ९० सेंमी तरी सोडा. चार जणांना १२० सेंमीचा गोल टॉप आरामात पुरतो, सहा जणांना १५० लागतो. खुर्चीची सीट आणि टेबलाचा वरचा भाग यात साधारण ३० सेंमी अंतर हवं, खुर्च्या वेगळ्या घेणार असाल तर हे नक्की मोजा.

आता देखभाल. मार्बल रोज ओल्या मऊ कापडाने पुसायचा, लगेच कोरडा करायचा, साबण हवाच असेल तर सौम्य आणि पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी. लिंबूवाले लिक्विड, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर, घासायची पावडर यातलं काहीही नाही. काही सांडलं तर फरफटत पुसू नका, आधी टिपून घ्या. सीलर संपलाय का ते बघायला टॉपवर पाण्याचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा, खालचा दगड गडद झाला की परत सीलर मारायची वेळ झाली. तेलाचा डाग मुरलाच तर बेकिंग सोडा पाण्यात घट्ट कालवून जाड थर द्या, वर प्लॅस्टिक लावा, दिवसभर ठेवा आणि मग पुसा, एकदा नाही गेला तर दोन-तीनदा करावं लागतं. चमक गेलेल्या जागेवर मात्र हा उपाय चालत नाही, एखादी छोटी खूण मार्बल पॉलिशिंग पावडरने जाते, जास्त असतील तर दगड पॉलिश करणाऱ्यालाच बोलवा.

लाकडी टॉप असेल, इटालियन स्टाईलमध्ये वॉलनट म्हणजे अक्रोडाचं लाकूड खूप दिसतं, तर तो थेट उन्हात ठेवू नका, वॉलनट उन्हाने फिकट होत जातो आणि फुलदाणीच्या खाली गडद गोल राहतो. व्हीनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, असेल तर सँडपेपरचा विचारही करू नका, तो थर एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असू शकतो.

आणि टेबल सरकवायचं असेल तर ओढायचं नाही, पायांच्या जोडावर सगळा ताण येतो. टॉप सुटा होत असेल तर काढून उभा धरूनच न्यायचा, काच नेतात तसा, आडवा उचलला की मधोमध तडकायची भीती असते, मग तो कितीही जाड दिसो.